एका घरात दोन नवस

इस्रायलातल्या आमच्या दिमोनात मुलगी अठराची झाली की तिच्या लग्नाचं कुणी विचारत नाही, फौजेत कुठे लागली ते विचारतात. भाजीवाला विचारतो, दवाखान्यात रक्त काढणारी नर्स विचारते, सिनेगॉगमध्ये पुढच्या बाकावरची म्हातारी प्रार्थना अर्धी टाकून मागे वळून विचारते. माझ्या भाचीबद्दल मात्र कुणी विचारेनासं झालं होतं. मेराव झिराडकर समोर दिसली की लोक एकदम हवेबद्दल बोलायला लागायचे. आज काय ऊन आहे, काल काय धूळ होती. वाळवंटात राहून उन्हाची बातमी देतात मेले. मला त्या हवेचा इतका राग यायचा म्हणून सांगू.

मेराव माझ्या धाकट्या बहिणीची, दीनाची, एकुलती एक मुलगी. ते खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. मी येरुशा. जन्मभर कापडाच्या गिरणीत मागावर उभी राहिले, आता गुडघे धरून बसले आहे. अलिबागकडून आम्ही इथं आलो तेव्हा मी शाळकरी पोर होते, पण जीभ तिकडचीच राहिली. बोलायला लागले की थांबत नाही, आणि मला थांबवणारा माझा नवरा कधीच देवाघरी गेला.

मेराव लहान असतानाच बीर शेवाच्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं होतं. ठाण्याची आमची चुलत बहीण फोनवर म्हणाली, म्हणजे आपल्याकडे स्वमग्न म्हणतात तेच ना गं, स्वतःतच बुडालेली? मी म्हटलं, बुडालेली तू असशील. आमच्या पोरीला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, जरा जास्तच ऐकू येतं हीच तर अडचण आहे. ताट पडलं तर तुमच्या-माझ्या कानात पडतं, तिच्या डोक्यात पडतं. कपड्यांच्या मानेला शिवलेली मापाची चिठ्ठी तिला विंचवासारखी डसते. भाताला आमटी लागलेली चालत नाही, दोन्ही वेगळं वाढायचं, खाताना तीच मिसळणार. आणि विचारलं तर खरं सांगते. खोटं बोलता येत नाही असं नाही, पण ते कशाला बोलायचं हे तिला कळत नाही. मला म्हातारपणी कळायला लागलंय की तिचंच बरोबर आहे.

दीना तिच्यापुढे चालायची. म्हणजे खरोखरच एक पाऊल पुढे. दुकानदारानं विचारलं, काय देऊ गं तुला, तर उत्तर दीना देणार. कुणी नाव विचारलं तर नाव दीना सांगणार. आणि कुणाच्या भुवया वर गेल्या की दीनाचं ठरलेलं वाक्य तयारच असायचं, “ती अशीच आहे, रागावू नका हं.” बालवाडीपासून ते वाक्य दीनाच्या तोंडात होतं. मेरावला तोंड होतं, पण ते वापरायची पाळी तिच्यावर फारशी येऊच दिली नव्हती.

इथं मुलींनाही फौजेत जावंच लागतं, पण शाळा संपायला आली तेव्हा फौजेकडून कळलं की हिला यायची सक्ती नाही, सूट दिली आहे. दीनानं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. शिमशोन, तिचा नवरा, खनिजाच्या कारखान्यात ट्रक चालवतो. तो हात धुऊन ताटावर बसला आणि खायला लागला. मेरावनं ताट थोडं पुढे सारलं आणि म्हणाली, “मला नको आहे.”

“काय नको? पोळी?” दीनानं विचारलं.

“सूट.”

मला तर तिथंच उठून तिची दृष्ट काढावीशी वाटली. दीनाचा हात तुपाच्या वाटीत तसाच राहिला. का नको, तर मेरावचं म्हणणं अगदी साधं होतं. वर्गातल्या सगळ्या जातात. शेजारची जाते. मी पण सगळ्यांतलीच आहे. शाळेच्या सहलीत तिनं फौजेच्या एका तळावर पॅराशूटच्या घड्या घालायची जागा पाहिली होती. लांबच लांब टेबलं, त्यावर पसरलेलं कापड, दोन्ही बाजूंना मुली, आणि घडी चालू असताना बोलायचं नाही हा तिथला नियम. घरी येऊन ती मला म्हणाली होती, “मावशी, तिथं कुणीच बोलत नव्हतं आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं.” ते तिच्या मनात घर करून बसलं होतं. आमच्या आईच्या नऊवारी लुगड्यांच्या घड्या लहानपणापासून तीच घालते. मी घातलेली घडी उकलून परत घालते, आणि मी काही बोलत नाही, कारण माझी वाकडीच असते.

सूट मिळालेल्यांनाही स्वतःहून जाता येतं, मुलाखत द्यावी लागते, हे तिनंच शोधून काढलं. फोन करून तारीख घेतली आणि आम्हाला जेवताना सांगितलं. दीनानं शिमशोनकडे पाहिलं. शिमशोन म्हणाला, तुमचं काय ते ठरवा. हे त्याचं सगळ्यालाच उत्तर. घर घ्यायचं का, तुमचं काय ते ठरवा. मासा तळायचा की रश्श्यात टाकायचा, तुमचं काय ते ठरवा.

आता आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांचं कसं आहे, काही अडलं की आमचे प्रेषित एलियाहू हनाबी. नोकरी असो, मूल असो, घराचा ताबा असो की गुडघेदुखी. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या स्वर्गात गेलेल्या रथाची खूण आहे, तेव्हा आमची ओळख जुनी. नवस बोलायचा, आणि काम झालं की मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं, भोवती माणसं आणि त्यांचं गाणं. त्या संध्याकाळी मी वर माझ्या गॅलरीत उभी राहून बोलले, एलियाहू हनाबी, माझ्या पोरीला फौजेत घ्या, तुमचा मलिदा माझ्याकडे लागला. अगदी मन लावून बोलले. मला काय ठाऊक, त्याच वेळी खाली स्वयंपाकघराच्या खिडकीत दीना उभी आहे आणि तीही बोलते आहे, एलियाहू हनाबी, माझ्या लेकीला फौजेनं नाकारावं, तुमचा मलिदा माझ्याकडे लागला.

आणि मेराव खालच्या गॅलरीत, दोघींच्या मध्ये, ओले कपडे वाळत घालत होती. तिनं दोन्ही ऐकले. ती काही बोलली नाही, कारण तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मुलाखतीला आम्ही तिघी बसनं बीर शेवाला गेलो. समोर कॅप्टन ओस्नात, माझ्या अर्ध्या वयाची बाई, केस घट्ट बांधलेले, टेबलावर पाण्याची बाटली आणि खारे शेंगदाणे. तिनं मेरावला विचारलं, तुला कसलं काम आवडतं. दीनानं सांगितलं. तिनं विचारलं, तुला कशाचा त्रास होतो. दीनानं तेही सांगितलं, अगदी पहिल्या डॉक्टरपासून. मग ओस्नातनं बाटलीचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, “बाई, तुम्ही छान सांगता. पण मी तिला विचारतेय.” दीनाचा चेहरा एवढासा झाला. मला तिची कीव आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

मग ओस्नातनं तो प्रश्न विचारला. तू यावंस असं घरी सगळ्यांना वाटतं का?

“नाही,” मेराव म्हणाली. “आईनं नवस बोललाय की तुम्ही मला नाकारावं. मावशीनं बोललाय की तुम्ही मला घ्यावं. बाबा म्हणाले, तुमचं काय ते ठरवा. एलियाहू हनाबी कुणाचं ऐकतील ते मला माहीत नाही.”

मी दीनाकडे पाहिलं, दीनानं माझ्याकडे पाहिलं. एका घरात राहून आम्ही दोघी एकाच दारावर दोन बाजूंनी थापा मारत होतो, आणि ते आम्हाला एका परक्या कॅप्टनच्या टेबलावर कळत होतं. मला तर वाटलं, धरणी दुभंगावी. पण ओस्नात हसली नाही, हे मी तिच्या खाती जमा करते. तिची आजी मोरोक्कोहून आलेली, संतांच्या कबरीवर मेणबत्त्या लावणारी, नवसाचं प्रकरण तिला समजावून सांगावं लागलं नाही.

ती दीनाला म्हणाली की सुरुवातीचे महिने अशा मुलांना अवघड जातात. घरी आल्यावर पाठीवर हात ठेवणारं माणूस लागतं. घरातून आईच मागे ओढत असेल तर मुलगी दोन्हीकडून ताणली जाईल, तसं मी कुणाला घेत नाही. आधी आठवडाभर हिला घड्यांच्या शेडमध्ये काम करून पाहू दे. मग नव्या वर्षाच्या सणाच्या आत तुम्ही मला तुमच्या तोंडानं सांगा. होय म्हणालात तर सण झाल्यावर ती येईल. नाही म्हणालात तर नाही. सूट काही कुठे पळून जात नाही.

म्हणजे आता सगळं दीनाच्या तोंडावर आलं. एलियाहू हनाबींची सुटका झाली म्हणायची.

घरी आल्यावर आम्ही दोघी भांडलो. कडाकडा भांडलो, खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. मी म्हटलं, आई आहेस की वैरीण? ती म्हणाली, “तुझी पोर असती तर तुला कळलं असतं.” हे ती मला कधी बोलली नव्हती. मला मूल नाही, आणि मेराव आहे म्हणून मला त्याचं दुःख नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. मी जिन्यात जाऊन बसले. थोड्या वेळानं ती आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि तिच्या पोटात काय आहे ते तिनं बाहेर काढलं. शाळेत एकदा पोरींनी मेरावला न्हाणीघरात कोंडून हात वाळवायचं यंत्र चालू ठेवलं होतं. दार उघडलं तेव्हा ती फरशीवर डोकं झाकून बसली होती. दीना तेव्हा शाळेच्या फाटकापाशीच होती म्हणून धावली. “तळाच्या फाटकाशी मला कोण उभं राहू देईल, ताई? तिथं तिच्यासाठी कोण धावेल?”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला एवढंच.

फाटकाशी मात्र ती उभी राहिलीच. त्या आठवड्यात रोज मेरावबरोबर पहाटेच्या बसनं जायची आणि फाटकाआतल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाकावर निलगिरीच्या सावलीत डबा घेऊन बसायची. पहारेकरी पोरगा पहिल्या दिवशी तिला ओळखपत्र मागत होता, तिसऱ्या दिवशी तिचा आंबोळीचा डबा अर्धा संपवून बसला. एक दिवस मीही गेले. शेड मला मनापासून आवडली. आमच्या गिरणीत मागाच्या खडखडाटात शेजारणीशी ओठांच्या हालचालीवरून बोलावं लागायचं, आणि इथं कापड सळसळतं तेवढंच. मेराव टेबलाशी वाकून दोऱ्या सोडवत होती. तिच्यापेक्षा भरभर काम करणाऱ्या मुली तिथं होत्या, खोटं कशाला सांगू. पण तिचे खांदे खाली होते. घरी कुणी पाहुणा आला की तिचे खांदे कानाला लागतात. इथं ते खाली होते, हे दीनालाही दिसलं असणार.

दुपारी जेवणघरात गेलो. आम्ही दोघी दाराजवळच्या टेबलावर, मेराव आत बाकीच्यांबरोबर. माणसं फार, बोलणं फार, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी हातून ताटांची सगळी चळत फरशीवर सांडली. माझेच दात शिवशिवले. मेरावनं दोन्ही हात कानांवर दाबले. दीना ताडकन उठली, डबा कलंडला, आंबोळ्या टेबलावर, आणि ही निघाली तिच्या दिशेनं. ‘ती अशीच आहे’ हे वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

ती पोहोचायच्या आत मेराव उठली होती. नोगा नावाची सार्जंट, शेडची मुख्य, पलीकडे बसून भात खात होती. मेराव तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “इथे आवाज फार आहे. मी बाहेर बसून जेवते. जेवण झालं की शेडमध्ये येते.”

नोगाच्या तोंडात घास होता. तिनं मानही नीट वर केली नाही. “बरं,” ती म्हणाली. “येताना माझ्यासाठी एक दही घेऊन ये.”

झालं. एवढंच. मेराव ताट घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. दीना दोन टेबलांच्या मध्ये उभी होती, तोंडात ते वाक्य तसंच, आणि ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. मग ती परत आली आणि आंबोळ्या गोळा करायला लागली. जेवण संपल्यावर मेराव आमच्या समोरून दह्याचा डबा हातात घेऊन शेडकडे गेली. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती कामात होती.

परतीच्या बसमध्ये दीना खिडकीकडे तोंड करून बसली होती. दिमोनाचा फाटा आला. मग म्हणाली, “तिनं तिला दही आणायला सांगितलं.”

मी म्हटलं, हो, मी होते की तिथं.

“नाही, तुला कळत नाही. आजवर मेरावला कुणी काही आणायला सांगितलं नाही गं. मीसुद्धा नाही.” आणि पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले.

मला वाटलं, चला, काम झालं, आता घरी गेल्यावर फोन करेल. पण कसलं काय. दिवस जात राहिले, नव्याचा सण तोंडावर आला, आणि दीना फोनकडे बघायची आणि कणीक मळायला घ्यायची. शेवटी मी विचारलं तेव्हा कुठे म्हणाली की तिला नवसाची भीती वाटते. एलियाहू हनाबींसमोर एक बोललेय आणि कॅप्टनसमोर दुसरं बोलू? त्यांनी तिकडे माझं ऐकायला घेतलं असेल तर? पोरीच्या वाटेत काही आडवं आलं तर ते मीच मागितलेलं असेल. माझा नवस तिच्याविरुद्ध उभा होताच, पण तिचा नवस तिच्या वतीनं मागे घेणं माझ्या हातात नव्हतं, आणि माझा मला घ्यायचा नव्हता.

उत्तर दिलं ते मेरावनं. चहात खारी बुडवता बुडवता म्हणाली, “सणाच्या आदल्या दिवशी सकाळी पुरुष सिनेगॉगमध्ये तिघांसमोर उभं राहून नवस सोडवून घेतात, म्हणजे त्यातून मोकळे होतात. तू पण जा.”

आता सणाचा आदला दिवस म्हणजे आमच्याकडे चिकाच्या हलव्याचा दिवस. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध चुलीवर चढलं की हात थांबवायचा नाही. थांबला की बुडाला धरलंच. दीना सकाळपासून ढवळत होती, मी नारळ खवत होते. मध्येच तिनं गच्चकन थांबून घड्याळाकडे पाहिलं. “प्रार्थना सुटत असेल,” असं म्हणत उलथनं नवऱ्याच्या हातात दिलं आणि चप्पल घालून चालू पडली. मेराव तिच्यामागे. मी काय घरी बसणार होते? मीही निघाले, हातात खवणी तशीच, ते मला अर्ध्या रस्त्यात कळलं.

सिनेगॉगच्या अंगणात हनोख काका आणि आणखी दोन म्हातारे बाकावर बसून एकेकाला मोकळं करत होते. हनोख काका आमचे प्रार्थना चालवणारे, आवाज भारदस्त, स्वभाव भांडकुदळ. दीनाला समोर बघून म्हणाले की नवऱ्याला पाठव, घरातल्या सगळ्यांचं एकदम सोडवून देतो. दीना म्हणाली, नवस माझ्या तोंडचा आहे, तोंड मीच आणलंय. मग त्यांनी विचारलं कसला नवस, आणि तिनं सांगितला. ऐकून काका वैतागले. “अगं, मग यात सोडवायचं काय? नाकारलं तर मलिदा द्यायचा, घेतलं तर द्यायचा नाही. तुझ्याकडे देणं काहीच बाकी नाही. हलवा सोडून आलीस याच्यासाठी?”

“देण्याचं नाही,” मेराव म्हणाली. “तिनं मागितलंय. मागितलेलं परत घ्यायचंय. नाहीतर दोघींचं थोडं थोडं ऐकलं तर माझं अर्धवट होईल.”

तिघे म्हातारे एकमेकांकडे पाहायला लागले. एवढी वर्षं तिथं बसतात, पण असा मुद्दा त्यांच्यापुढे कुणी मांडला नव्हता. काकांनी दाढी खाजवली. मग जरा मऊ आवाजात म्हणाले की ठीक आहे, पण सोडवायचं तर पस्तावा सांगावा लागतो. जे मागितलंस ते आता का नको, ते बोल.

दीना उभीच होती. हलव्याचे शिंतोडे तिच्या हातावर वाळले होते. मला वाटलं आता रडेल. पण रडली नाही, सरळ बोलली.

“मला वाटायचं, जगाशी तिच्या वतीनं मीच बोलायचं. माझ्याशिवाय तिचं कोण ऐकणार. ती तिचं तिचं बोलली, काका. समोरच्या बाईनं ऐकलं आणि तिला दही आणायला सांगितलं. ती घेऊन गेली. मला कुणी काही विचारलं नाही. मी जे मागितलं ते भीतीनं मागितलं, तिच्यासाठी नाही मागितलं. मला ते परत द्या.”

दह्याचं म्हाताऱ्यांना काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं. तिघांनी मिळून तीनदा म्हटलं, सुटलीस, सुटलीस, सुटलीस. दीनानं तिथंच, बाकाशेजारी उभं राहून ओस्नातला फोन लावला. पलीकडून आवाज आल्यावर ती म्हणाली, “मी मेरावची आई. होय.” मग म्हणाली, “पुढचं तुम्ही तिलाच विचारा,” आणि फोन मेरावच्या हातात दिला. मी हातातल्या खवणीसकट त्या पोरीला मिठी मारणार होते, पण तिला मिठी आवडत नाही, म्हणून हनोख काकांना मारली. सण तोंडावर म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

घरी आलो तर करपल्याचा वास जिन्यापर्यंत. शिमशोन पातेल्याशेजारी उभा, उलथनं हातात उभं धरलेलं. म्हणाला, ढवळायचं की उतरवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी साऱ्या आळीनं आमचा काळपट हलवा खाल्ला आणि छान झालाय म्हटलं. मेराव एकटी म्हणाली, करपलाय, आणि दुसरी वडी घेतली.

सण उरकले आणि ती गेली. मी माझा मलिदा केला. ताट मेरावनंच मांडलं, प्रत्येक फळ दुसऱ्यापासून जरा लांब. हनोख काकांनी असं गायलं की पलीकडच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. सुरुवातीचे महिने ओस्नात म्हणाली होती तसेच गेले. मेराव सुट्टीवर आली की पहिला दिवसभर पडदे ओढून झोपायची, आणि दीना दाराबाहेर बसून असायची, आत न जाता. गणवेशाच्या मानेतली चिठ्ठी काढायला दीना कात्री घेऊन बसली तर मेरावनं ती आधीच काढली होती, नोगाच्या कात्रीनं. दीनाला त्याचं थोडं लागलं. पण कात्री ठेवून देऊन तिनं जेवायला वाढलं.

हिवाळ्यात शपथेचा दिवस आला. मैदानात सगळ्या रांगा, कडेला आईबापांची झुंबड, डबे, फुगे, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या. शपथ वाचली जाते आणि सगळ्यांनी एका दमात ओरडायचं, मी शपथ घेते. जितकं जोरात तितका आईबापांना आनंद. मेरावनं त्यावर आधी बरेच दिवस विचार केला होता. नोगाला विचारलं होतं, ही सोडवून घेता येते का. नोगा म्हणाली, ही नाही येत. पण ज्यांना शपथ नको वाटते ते ‘शपथ घेते’ऐवजी नुसतं ‘जाहीर करते’ म्हणतात, तूही तसं कर, चालतं. मेराव म्हणाली होती, नको, विचार झालाय, शपथच घेईन.

टोपीखाली तिनं आवाज अडवणारे कानबंद लावले होते. वाचन झालं आणि सगळं मैदान एकदम ओरडलं. मेराव ताठ उभी होती, डोळे मिटलेले, ओठही मिटलेले. तिचं तोंड हललंच नव्हतं. दीनाची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला कळलं आता काय होणार, आता ही इथून ओरडणार, आजवर तिच्या वतीनं सगळं हीच बोलत आली. मी तिच्याकडे वळले. दीनानं खालचा ओठ दातांत धरून ठेवला होता.

आवाज विरला. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले होते. आणि त्या तेवढ्या फटीत, भाजी मागावी तशा साध्या आवाजात, एकटी मेराव म्हणाली, “मी शपथ घेते.”

सगळ्या मैदानानं ऐकलं. समोरचा अधिकारी ऐकून थांबला, त्यानं मान हलवली, आणि मग टाळ्या पडल्या. मी तर कशा वाजवल्या ते माझे हात जाणोत.

रांगा मोडल्यावर ती आमच्याकडे आली. शिमशोननं तिच्यासाठी आणलेली पिशवी पुढे केली. दीना तिच्याकडे बघत होती.

“सगळ्या ओरडत होत्या तेव्हा बोलले असते तर तुला ऐकू आलं नसतं,” मेराव तिला म्हणाली.

“आलं असतं,” दीना म्हणाली.

“नसतं आलं.”

दीनानं वाद घातला नाही. तिनं पिशवीतून भात आणि आमटीचे दोन वेगळे डबे काढले आणि म्हणाली, “जा, पाणी घेऊन ये सगळ्यांसाठी.” मेराव पाणी आणायला गेली.